कृत्रिम बुद्धिमत्तेची लेखनसाधने आणि शोधदृश्यता

शोधयंत्राच्या निकालांत एखादे पान किती वरच्या क्रमांकावर आणि किती वेळा दिसते, यास त्या पानाची शोधदृश्यता असे म्हणतात. नवे संकेतस्थळ किंवा अनुदिनी सुरू करणाऱ्या व्यक्तीस प्रारंभी वाचक नसतात. तिचे लेखन लोकांपर्यंत पोहोचण्याचा मुख्य मार्ग गूगल, बिंग यांसारखी शोधयंत्रे हाच असतो. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड इत्यादी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली साधने काही सेकंदांत हवा तितका मजकूर तयार करून देत असल्यामुळे, त्यांच्या साहाय्याने पाने भरून शोधदृश्यता मिळवण्याचे प्रयत्न २०२० नंतर, विशेषतः नोव्हेंबर २०२२ नंतर, मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. हे प्रयत्न कितपत फळतात, शोधयंत्रे त्यांच्याकडे कसे पाहतात आणि मराठीसारख्या भाषेत त्यांचे काय होते, याचा विचार या लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

शोधयंत्रासाठी लिहिणे ही कृत्रिम बुद्धिमत्तेने आणलेली गोष्ट नव्हे. आरंभीची शोधयंत्रे पानावर एखादा शब्द किती वेळा आला आहे, हे प्रामुख्याने पाहत. साहजिकच लोक तोच शब्द पानावर शेकडो वेळा लिहू लागले. काही जण तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लिहीत, म्हणजे वाचकाला दिसू नये पण यंत्राला दिसावे. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक ही पद्धत मांडली. एखाद्या पानाकडे इतर किती पाने दुवा देतात आणि ती दुवा देणारी पाने स्वतः किती प्रतिष्ठित आहेत, यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवावे, असे तिचे तत्त्व होते. विद्वानांच्या लेखनात ज्या ग्रंथाचा उल्लेख वारंवार येतो तो ग्रंथ मोलाचा असावा, या जुन्याच अनुमानाचे हे यांत्रिक रूप होय. मग दुव्यांचाच बाजार भरू लागला.

पुढच्या दशकात अमेरिकेत 'मजकुराची शेते' म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपन्या निघाल्या. लोक शोधयंत्रात काय विचारतात याची आकडेमोड करून त्या विषय ठरवत आणि अत्यल्प मोबदल्यावर बाहेरच्या लेखकांकडून भराभर लेख लिहून घेत. डिमांड मीडिया ही त्यांतील सर्वांत गाजलेली कंपनी. यंत्र माणसासारखे लिहू लागण्याच्या आधीच माणसे यंत्रासारखी लिहू लागली होती, हे या विषयाच्या चर्चेत सहसा विसरले जाते. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' या नावाने ओळखला जाणारा बदल करून अशा उथळ पानांची क्रमवारी खाली आणली, आणि एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' या बदलाने कृत्रिम दुव्यांना आळा घातला.

लेखनसाधनांचा उदय

सध्याच्या लेखनसाधनांचे मूळ २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर या रचनेत आहे. तिच्यावर आधारलेली भाषा-प्रारूपे प्रचंड मजकूर वाचून, दिलेल्या शब्दांनंतर कोणता शब्दखंड येण्याचा संभव अधिक आहे हे शिकतात. लिहिताना ती एकेक खंड निवडत पुढे जातात. त्यामुळे त्यांचे वाक्य व्याकरणदृष्ट्या बहुधा नीट असते. ते खरे असेलच असे मात्र नाही, कारण खरेखोटेपणाची तपासणी हा या निवडीचा मूळ भागच नाही. माहितीचा अभाव असेल तेथेही प्रारूप थांबत नाही, शक्य वाटेल असे काहीतरी लिहिते. न झालेल्या घटना, नसलेली पुस्तके, कोणी न केलेली विधाने अशा मजकुरात निःशंकपणे येतात.

ओपनएआय या संस्थेचे जीपीटी-३ हे प्रारूप २०२० मध्ये आले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एका विद्यार्थ्याने टोपणनावाने अनुदिनी काढून तिच्यात या प्रारूपाने लिहिलेले लेख प्रसिद्ध केले. त्यांतील कामाचा उत्साह टिकवण्याविषयीचा एक लेख हॅकर न्यूज या तंत्रज्ञांच्या संकेतस्थळावर पहिल्या क्रमांकावर गेला. लेखक यंत्र आहे हे फारच थोड्यांच्या ध्यानात आले. विद्यार्थ्याने विषय मुद्दामच असा निवडला होता की ज्यात तर्काची आणि तथ्यांची फारशी गरज पडू नये. यंत्राच्या यशाइतकाच हा त्या प्रकारच्या लेखनावरचाही अभिप्राय म्हणावा लागेल. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, आणि तंत्रज्ञांपुरती असलेली ही सोय शाळकरी मुलांपासून दुकानदारांपर्यंत सर्वांच्या हाती आली.

शोधयंत्र आणि नवे संकेतस्थळ

पान प्रसिद्ध झाले म्हणजे ते शोधयंत्रात आले, असा नवख्या लेखकांचा समज असतो. प्रत्यक्षात मध्ये तीन पायऱ्या आहेत. प्रथम शोधयंत्राची संगणकीय प्रणाली दुव्यांवरून फिरत पानापर्यंत येते. नंतर पानाचा मजकूर वाचून त्याची नोंद सूचीत करायची की नाही हे ठरते. आणि शेवटी, कोणी प्रश्न विचारल्यावर, सूचीतील पाने क्रमाने मांडली जातात. नव्या संकेतस्थळाकडे येणारे दुवे नसल्यामुळे त्याची पहिल्याच पायरीवर अडचण होते. संकेतस्थळाचा नकाशा, म्हणजे आपल्या सर्व पानांची यादी असलेली संचिका, शोधयंत्राला सादर केल्याने ही अडचण काहीशी दूर होते. गूगलच्या सर्च कन्सोल या विनामूल्य सेवेत ती सोय आहे.

दुसऱ्या पायरीवरची अडचण अधिक गंभीर असते. सर्च कन्सोलमध्ये अनेकांना आपल्या पानांपुढे 'पाहिले, पण सध्या सूचीत नाही' या अर्थाचा शेरा दिसतो. शोधयंत्र प्रत्येक पान साठवण्यास बांधलेले नाही. जे आधीच हजारो ठिकाणी लिहिले गेले आहे, त्याची आणखी एक प्रत ठेवण्यात त्याला काही लाभ नसतो. यंत्रलिखित मजकुराची खरी अडचण येथेच आहे. भाषा-प्रारूप आधीच्या लेखनाची सरासरी काढते, त्यामुळे त्याचा लेख स्वभावतःच उपलब्ध लेखांसारखा होतो.

उदाहरणार्थ, हापूस आंब्यावर लेख लिहून मागितला तर साधन हापूसची चव, सुगंध, रत्नागिरी आणि देवगड ही नावे, २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आणि जीवनसत्त्वांचे गुणगान एवढे सहज देते. हे सारे असंख्य पानांवर आहेच. मोहोरावर तुडतुडे कधी पडले, अवकाळी पावसानंतर कोणत्या बागेत किती फळ टिकले, आढीतल्या गवताचा थर कसा ठेवला आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका निघू नये म्हणून बागायतदार काय करतो, हे ज्याने पाहिले आहे तोच लिहू शकतो. पहिल्या प्रकारच्या पानाला शोधयंत्रात जागा मिळणे कठीण आहे. दुसऱ्या प्रकारच्या पानाला ती मिळेलच असेही नाही, पण मिळण्यासाठी काही कारण तरी असते.

साधनांचा उपयोग मजकूर निर्माण करण्यापुरताच आहे असे नाही. स्वतः लिहिलेल्या लेखाला मथळे सुचवणे, लांबलेले वाक्य सुटसुटीत करणे, चित्रांखाली वर्णन लिहिणे, वाचक कोणते प्रश्न विचारतील याची यादी करणे, पानाच्या तांत्रिक खुणा तयार करणे ही कामे साधने बऱ्यापैकी करतात. या उपयोगांत माहितीचा उगम लेखकाकडेच राहतो. साधनाला आधी विचारून त्याने दिलेली माहिती नंतर तपासणे, हा उलटा क्रम प्रत्यक्षात अधिक वेळखाऊ ठरतो, कारण प्रत्येक विधान वेगळे पडताळावे लागते आणि गुळगुळीत भाषेमुळे शंका घेण्याची प्रवृत्तीच मंदावते.

सीनेटचे प्रकरण

या विषयात वारंवार दिला जाणारा दाखला सीनेट या अमेरिकी संकेतस्थळाचा आहे. तंत्रज्ञानविषयक वार्तांकनासाठी नाव असलेल्या या संकेतस्थळाने नोव्हेंबर २०२२ पासून बँक, व्याज, कर्ज अशा विषयांवरील माहितीपर लेख कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेण्यास सुरुवात केली. त्यांवर लेखक म्हणून 'सीनेट मनी'च्या कर्मचारीवर्गाचा उल्लेख असे. त्यामागे यंत्र आहे हे सहजासहजी कळत नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये ही गोष्ट बाहेर आली आणि लेखांची छाननी सुरू झाली.

चक्रवाढ व्याजावरच्या एका लेखात असे लिहिले होते की दहा हजार डॉलर द.सा.द.शे. ३ टक्के दराने ठेवल्यास पहिल्या वर्षाअखेर १०,३०० डॉलरची कमाई होते. कमाई अर्थातच ३०० डॉलरची होते. १०,३०० ही मुद्दलासह झालेली रक्कम होय. मुद्दल, व्याज आणि रास यांतील हा फरक व्याजाचे पहिले गणित सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला शिकवला जातो. संपादकांनी एकूण ७७ लेख तपासले, त्यांपैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि हा उपक्रम थांबवण्यात आला.

येथे लक्षणीय आहे ती चूक होऊनही ती न दिसणे. लेख संपादकाच्या नजरेखालून गेलेले होते. वाक्यरचना चोख, परिच्छेद नेटके, स्वर आत्मविश्वासाचा, त्यामुळे डोळा पुढे सरकला. माणसाच्या कच्च्या लेखनात चूक असली तर भाषा अडखळते आणि तपासणारा सावध होतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही याचा अनुभव असतो. यंत्राची भाषा चुकीच्या जागीही अडखळत नाही.

अशा विषयांसाठी सीनेटसारखे जुने संकेतस्थळ का निवडावे, याचेही कारण शोधदृश्यतेत आहे. कर्ज, विमा, क्रेडिट कार्ड यांविषयीच्या शोधांवर जाहिरातदार व वित्तसंस्था चांगला मोबदला देतात, आणि वर्षानुवर्षे मिळवलेल्या प्रतिष्ठेमुळे जुन्या संकेतस्थळाचे नवे पान चटकन वर येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या नामांकित क्रीडा-नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तर अस्तित्वातच नसलेल्या लेखकांची नावे आणि संगणकाने तयार केलेली त्यांची छायाचित्रे आढळली.

गूगलचे बदलते धोरण

गूगलची भूमिका या काळात स्थिर राहिलेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीच्या प्रतिनिधीने यंत्राने तयार केलेला मजकूर नियमबाह्य असल्याचे सांगितले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये 'उपयुक्त मजकूर' या नावाने जो बदल आला, त्याच्या निवेदनात माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या मजकुराला प्राधान्य देण्याची भाषा होती. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शनात मात्र, मजकूर कसा तयार झाला यापेक्षा त्याची गुणवत्ता पाहिली जाईल, असे म्हटले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये 'माणसांनी लिहिलेला' हे शब्द वगळून केवळ 'माणसांसाठी तयार केलेला' एवढेच ठेवण्यात आले. कंपनी स्वतःच अशी साधने विकू लागली होती, हा योगायोग नजरेआड करता येत नाही.

गुणवत्ता पाहणाऱ्या मूल्यमापकांसाठी गूगलने जी नियमपुस्तिका केली आहे, तिच्यात अनुभव, निपुणता, अधिकार आणि विश्वासार्हता या चार कसोट्या आहेत. त्यांपैकी अनुभवाची कसोटी डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे चॅटजीपीटी येऊन महिना होण्याच्या आत, नव्याने जोडली गेली. हे मूल्यमापक एखाद्या पानाचा क्रमांक थेट बदलत नाहीत. शोधपद्धती नीट चालते की नाही, हे त्यांच्या गुणांवरून पडताळले जाते. त्यामुळे 'या चार गुणांचे गुणांक वाढवून देतो' असे सांगून पैसे घेणाऱ्या सल्लागारांपासून सावध राहावे. जानेवारी २०२५ च्या आवृत्तीत, फारसे श्रम न घेता व नवी भर न घालता यंत्राकडून तयार केलेल्या पानांना सर्वांत खालची श्रेणी देण्याची सूचना समाविष्ट झाली.

सर्वांत मोठा बदल मार्च २०२४ मध्ये झाला. शोधक्रम वाढवण्याच्या मुख्य हेतूने मोठ्या संख्येने पाने तयार करणे हा गैरवापर ठरवण्यात आला, मग ती पाने यंत्राने लिहिलेली असोत, माणसांनी असोत वा दोघांनी मिळून. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर २०२३ मध्ये, एका व्यावसायिकाने स्पर्धकाच्या संकेतस्थळाचा नकाशा उतरवून घेऊन त्यावरून सुमारे १,८०० लेख यंत्राकडून लिहवून घेतल्याचे आणि अशा रीतीने ३६ लाख भेटी 'पळवल्याचे' एक्स या समाजमाध्यमावर अभिमानाने जाहीर केले होते. गवगवा झाल्यावर त्या संकेतस्थळाची वाचकसंख्या झपाट्याने उतरली. मार्चच्या बदलानंतर अशी कित्येक संकेतस्थळे सूचीतून पूर्णपणे काढली गेली. निकालांतील निकृष्ट मजकूर ४५ टक्क्यांनी घटल्याचा दावा गूगलने एप्रिल २०२४ मध्ये केला. हा आकडा कंपनीचा स्वतःचा आहे.

या कारवाईत ओल्याबरोबर सुकेही जळाले. सप्टेंबर २०२३ आणि मार्च २०२४ च्या बदलांत, स्वतः वस्तू विकत घेऊन, वापरून, परीक्षण लिहिणाऱ्या अनेक लहान संकेतस्थळांचे वाचक एकाएकी नाहीसे झाले. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची परीक्षणे करणाऱ्या हाउसफ्रेश या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपली व्यथा सविस्तर मांडली. आपण चाचणी घेऊन लिहिलेले पान खाली जाते आणि यंत्राला हातही न लावता लिहिलेली मोठ्या नियतकालिकांची यादी वर येते, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने अशा काही पीडित लेखकांना आपल्या मुख्यालयात बोलावून चर्चा केली. प्रामाणिक लेखन केल्यास क्रमांक आपोआप मिळतो, हे आश्वासन म्हणूनच पूर्ण सत्य मानता येत नाही.

यंत्रलेखन ओळखण्याची साधने

मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे सांगणारी साधनेही बाजारात आहेत. त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ओपनएआयने ३१ जानेवारी २०२३ रोजी स्वतःचे असे साधन प्रसिद्ध केले. ते यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ओळखू शके आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवी. ते इंग्रजीसाठीच वापरावे असा सल्लाही कंपनीने दिला होता. अचूकता कमी असल्याचे कारण देऊन २० जुलै २०२३ रोजी ते बंद करण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी त्याच वर्षी दाखवून दिले की, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अशी साधने यंत्रलिखित ठरवतात. मर्यादित शब्दसंग्रह आणि सरळ वाक्यरचना हेच त्यांच्या दृष्टीने संशयाचे कारण होते. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे लेखनही बहुधा असेच असते. केवळ अशा साधनाच्या निकालावरून त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवणे अन्यायाचे होईल.

उत्तरे देणारी शोधयंत्रे

दुव्यांची यादी देण्याऐवजी थेट उत्तर लिहून देण्याकडे शोधयंत्रांचा कल झाला आहे. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतासह काही देशांत निकालांच्या वर यंत्रलिखित सारांश दाखवण्यास आरंभ केला. भारतात ही सोय प्रथम इंग्रजी व हिंदीत आली. आरंभीच्या दिवसांत पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून त्यात गोंद मिसळण्याचा सल्ला या सारांशाने दिला होता. त्याचा उगम कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वी थट्टेने लिहिलेल्या एका प्रतिसादात सापडला.

प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधील अमेरिकी वापरकर्त्यांच्या विद्यावरून असे आढळल्याचे सांगितले की, सारांश नसताना १५ टक्के भेटींत लोक एखाद्या दुव्यावर जातात, तर सारांश असताना केवळ ८ टक्के भेटींत. म्हणजे पान पहिल्या क्रमांकावर असूनही वाचक त्यावर येईलच याची खात्री उरलेली नाही. सारांशात आपला उल्लेख यावा यासाठी कसे लिहावे, याचे आता एक वेगळे तंत्रच निघाले आहे. प्रिन्स्टन विद्यापीठ, आयआयटी दिल्ली इत्यादी संस्थांतील संशोधकांनी २०२३ मध्ये या विषयावर शोधनिबंध लिहिला. त्यात स्रोतांचे उल्लेख, अवतरणे आणि आकडेवारी दिल्याने दृश्यता वाढते, आणि तेच ते शब्द पेरण्याने फारसा लाभ होत नाही, असे दिसून आले.

मराठीतील स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे. भाषा-प्रारूपांना शिकवण्यासाठी ज्या कॉमन क्रॉल या संग्रहाचा उपयोग होतो, त्यात मात्र मराठीचा वाटा एक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. इंग्रजीचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. प्रारूपाने वाचलेली मराठी मुळातच थोडी, आणि त्या थोडक्यातलीही बरीच भाषांतरित.

याशिवाय लिपीचा प्रश्न आहे. युनिकोडच्या प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, रोमन अक्षर एकच. प्रारूपे मजकुराचे जे खंड पाडतात, ते जुन्या पद्धतीत मराठीसाठी फारच बारीक होत. मे २०२४ मध्ये नवे खंडन आणताना ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात, ज्या मराठी वाक्याला पूर्वी ९६ खंड लागत त्याला नव्या पद्धतीत ३३ लागू लागले. खंडांच्या संख्येवर शुल्क आकारले जात असल्यामुळे मराठीत लिहिणारा तोवर इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या कितीतरी पट किंमत मोजत होता.

मराठीचे व्याकरणही शोधयंत्राची परीक्षा पाहते. विहीर या शब्दाची विहिरीत, विहिरीला, विहिरींचे, विहिरीवरून अशी रूपे होतात. सामान्यरूप होताना मूळ शब्दातील दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो आणि प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहिला जातो. पुणे आणि पुण्यातील, पाणी आणि पाण्याखालून, माणूस आणि माणसांपेक्षा ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे यंत्राला वेगळे कळावे लागते. त्यात शुद्धलेखनाची अनिश्चितता. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये नियम केले, १९७२ मध्ये त्यांत भर घातली, तरी 'विहीर' आणि 'विहिर' ही दोन्ही रूपे महाजालावर सुखाने नांदतात. 'ॲ' हे अक्षर तर किमान तीन निरनिराळ्या संकेतांनी लिहिले जाते आणि डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसते. 'वाऱ्यावर' मधील अर्ध्या र चीही हीच गत आहे. शिवाय मराठी माणूस शोधताना पुष्कळदा रोमन लिपीत लिहितो. देवनागरीत उत्तम लेख लिहूनही तो अशा शोधात सापडत नसेल, तर मथळ्यात किंवा पानाच्या पत्त्यात रोमन रूप देण्याचा उपाय काही लेखक करतात.

साधनांनी लिहिलेल्या मराठीत हिंदी आणि इंग्रजीची सावली स्पष्ट दिसते. शिक्षणाच्या अर्थी 'शिक्षा', प्रयत्नाच्या अर्थी 'चेष्टा' असे शब्द अधूनमधून येतात. मराठीत पहिल्याचा अर्थ दंड आणि दुसऱ्याचा थट्टा होतो. 'द्वारे' लावून केलेली कर्मणी वाक्ये, प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी काहीतरी 'लक्षात घेणे महत्त्वाचे' असल्याची ग्वाही, आणि नपुंसकलिंगी नामाला पुल्लिंगी विशेषण, ही या लेखनाची ओळखीची लक्षणे होत. अलीकडची प्रारूपे या बाबतीत पुष्कळ सुधारली आहेत. म्हणी आणि वाक्प्रचार मात्र ती अजूनही अस्थानी वापरतात.

मराठीत अद्याप कित्येक विषयांवर पुरेशी पाने नाहीत. त्यामुळे इंग्रजीत जे पान हजारांत हरवले असते, ते मराठीत पहिल्या क्रमांकावर येऊ शकते. ही संधी नव्या लेखकाला आहे, तशीच ती इंग्रजी पानांचे घाऊक यांत्रिक भाषांतर करून ठेवणाऱ्यालाही आहे. औषधाची मात्रा, पिकावरील फवारणीचे प्रमाण किंवा सरकारी योजनेची पात्रता अशा विषयांत एकमेव मराठी पान चुकीचे असेल, तर वाचकाला ते पडताळून पाहायला दुसरे पान मिळत नाही.

हेच पान पुढे प्रारूपांच्या शिक्षणातही जाते. जुलै २०२४ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, यंत्रलिखित मजकुरावरच पुन्हा पुन्हा शिकवलेली प्रारूपे विरळ गोष्टी विसरत जातात आणि शेवटी निरर्थक लिहू लागतात. मोठ्या भाषांत माणसांनी लिहिलेल्या मजकुराचा साठा इतका आहे की हा परिणाम सावकाश होईल. लहान भाषांत तो लवकर दिसतो. ग्रीनलँडिक भाषेतील विकिपीडियात बहुसंख्य लेख ती भाषा न जाणणाऱ्यांनी यंत्राच्या मदतीने टाकल्याचे आढळल्यामुळे, त्याच्या प्रचालकानेच तो बंद करण्याची विनंती केली आणि २०२५ मध्ये ती मान्य झाली.

कायदेशीर बाजू

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम २(घ)(६) नुसार, संगणकाने निर्माण केलेल्या वाङ्मयीन कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण करवणारी व्यक्ती होय. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली, तेव्हा सध्याची लेखनसाधने कोणाच्या कल्पनेतही नव्हती. केवळ सूचना देणारा या अर्थाने 'निर्माण करवणारा' ठरतो का, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये मानवी कर्तृत्व नसलेल्या भागास संरक्षण देण्याचे नाकारले. दुसरीकडे, प्रारूपे शिकवण्यासाठी आपला मजकूर विनापरवाना वापरल्याचा दावा न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआय व मायक्रोसॉफ्टवर लावला. भारतात एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात तसाच दावा दाखल केला, आणि पुढे प्रकाशकांच्या संघटनांनीही त्यात आपले म्हणणे मांडले.